झाडलेलं अंगण

४ डिसेंबर. उणे १४. बर्फ ९ सेंटीमीटर.

हवामान केंद्र बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण सकाळी उठून तापमापक बघितल्याशिवाय मला अजून चहा गोड लागत नाही. एकतीस वर्षं केली ती नोकरी. रोज आकडे घ्यायचे, रकान्यात उतरवायचे, महिनाअखेरीस वही शहरात पाठवायची. आकड्यांचा अर्थ लावायचं काम तिथल्या लोकांचं. मी कधी खाडाखोड केली नाही आणि कधी प्रश्न विचारले नाहीत. केंद्राला कुलूप लागलं तेव्हा उरलेल्या वह्या घरी आणल्या, काही कोऱ्या, काही भरलेल्या प्रती. त्यातल्या एका कोऱ्या वहीत आजपासून लिहिते, कारण या हिवाळ्यात लिहिण्यासारखं काही आहे. आमच्या घरात नळ आलाय.

जन्मभर मी खाली नदीकाठच्या झऱ्यावरून पाणी वाहिलं. खांद्यावर कावड, दोन बादल्या आणि येताना चढ. ऑगस्टमध्ये धाकट्याचं, एसेनचं, लग्न ठरलं तेव्हा मी सांगून टाकलं की व्याही येतील त्या दिवशी घरात नळ दिसला पाहिजे. आम्ही आणि शेजारची झूरा, दोघींनी एकाच आठवड्यात रस्त्याखालच्या लाइनवरून पाणी घेतलं. दोन्ही अंगणांतले चर एसेननेच खणले, दोन्ही कमरेएवढे. पुरुषभर खोल हवेत असं तो म्हणत होता. पण लग्न चार दिवसांवर आलेलं, पाहुण्यांनी काय उकरलेल्या मातीतून यायचं? मी म्हटलं, बुजव.

आज पहिला मोठा बर्फ. आमच्याकडे नव्या सुनेची परीक्षा अंगणात होते. गल्लीतून पहिला माणूस जायच्या आत अंगण झाडून खालची माती दिसली पाहिजे. उठून पाहते तर आमच्या नव्या सुनेने, बेगिमायने, फाटकापर्यंत आणि गोठ्यापर्यंत पायवाट तेवढी काढलेली, बाकीचा बर्फ जसाच्या तसा. हे काय म्हणून विचारलं, तर मान खाली घालून म्हणाली, "आपा, नळाच्या वरचा बर्फ राहू दे का? त्याखाली जमीन उबेत राहते. बाबा आम्हाला लाइनवरचा बर्फ कधी हलवू द्यायचे नाहीत."

तिचे वडील जोमार्त वरच्या गावाची पाण्याची लाइन सांभाळतात. मी म्हटलं, "एकतीस वर्षं बर्फ मोजलाय मी. त्याने ऊब येते हे आज तुझ्याकडून कळलं. घे खराटा."

घेतला. आळसाला वडिलांचं नाव द्यायचं, पोरगी हुशार आहे.

१२ डिसेंबर. उणे १९. रात्री ४ सेंटीमीटर पडला.

पोस्टातली बाई पेन्शन द्यायला आली आणि फाटकातच थांबून म्हणाली, "ऊल्कान आपा, तुमच्या अंगणात सांडलेला दाणा वेचून घ्यावा." बेगिमाय तेव्हा गोठ्यात होती. बरं झालं, ऐकलं असतं तर डोक्यात हवा गेली असती.

झूराच्या अंगणात घोट्याच्या वर बर्फ आहे. दारापासून फाटकापर्यंत कोंबडी जाईल एवढी वाट. तिची सून सकाळी आठला उठते आणि झूरा तिला स्वतः चहा ओतून देते. अशा घराला काय म्हणायचं?

बेगिमायला दिवस गेलेत. मला तिने सांगितलं नाही, एसेनने सांगितलं, तेही ट्रकमध्ये चढता चढता. तो खाणीतून कोळसा आणतो, आठ-आठ दिवस घरी नसतो. मला आनंद झाला. इथे लिहिते कारण तोंडाने बोलले नाही. आधीच बोलून दृष्ट कशाला लावा?

२० डिसेंबर. उणे २३. बर्फ नाही.

नळाचा पाइप पडवीच्या जमिनीतून वर येतो आणि पडवीला शेगडी नाही. तिथे तो लोकरीच्या जाड नमद्यात गुंडाळायला हवा हे कुणालाही कळेल. घरातले जुने नमदे कसरीने खाल्लेले. म्हणून बेगिमायच्या लग्नातला गालिचा काढला. चांगला जाड आहे, लाल आणि काळ्या वेलींचा. कात्रीने पट्ट्या कापल्या. कापताना हात दुखले, इतका घट्ट शिवलाय.

ती दारात उभी राहून बघत होती. मग म्हणाली, "तो आईने केलाय, आपा." तिची आई गेल्या वर्षी गेली, हे मला ठाऊक आहे. मी म्हटलं, नमदा ऊब धरायलाच असतो, जमिनीवर पडून तरी काय करत होता? पट्ट्या तिने स्वतः गुंडाळल्या, नक्षीची बाजू आत घालून. मला तो उद्धटपणा वाटला, पण नेमका कशाबद्दल बोलावं ते सुचलं नाही.

२९ डिसेंबर. उणे २६. बर्फ ६ सेंटीमीटर, झाडला.

सकाळी नळ कोरडा. थंडीत नळ पूर्ण बंद करायचा नाही, काडीएवढी धार चालू ठेवायची, हे तिला दहादा सांगितलंय. म्हणाली, "धार चालूच होती, आपा. पहाटे आपोआप बारीक होत गेली." आपोआप. म्हणजे पाणीच खोटारडं.

उकळत्या पाण्यात फडकी बुडवून पाइपाला लावायला लावली. सकाळपासून दुपारपर्यंत तिने ती बदलली, बोटं लालभडक झाली. तीनच्या सुमारास नळ खोकला आणि पाणी आलं. बघ, म्हटलं, मनावर घेतलं की होतं.

आता तिची गादी पडवीत टाकलीय, नळाशेजारी. धार बारीक झाली तर आवाजाने जाग येईल. पोटुशीची झोप तशीही हलकीच असते.

३ जानेवारी. उणे २४.

एसेन नव्या वर्षाचे दोन दिवस राहून गेला. जेवताना म्हणाला, "आपा, तिला आत झोपू द्या. खोकतेय." मी विचारलं, मग नळापाशी तू झोपतोस का? तो हसला. मी हसले नव्हते. रात्री तो खरंच पडवीत जाऊन झोपला, तिच्याजवळ. सकाळी दोघांच्या पांघरुणावर श्वासाचं दव गोठलेलं होतं.

गावातली नर्स येऊन बघून गेली. म्हणाली, हिला किटलीपेक्षा जड काही उचलायला देऊ नका. आजकालच्या नर्सा. मी एसेनच्या वेळी नवव्या महिन्यापर्यंत कावड वाहिली.

कधी कधी वाटतं मी फार बोलते. पण न बोलता घर चालवणारी बाई मी अजून पाहिलेली नाही.

१५ जानेवारी. उणे ३१. बर्फ नाही, जमीन दगड.

नळ मेला. फडकी झाली, निखारे झाले. अंगणात चराच्या रेघेवर शेणी पेटवून दोन दिवस विस्तव ठेवला. राखेखालची माती बोटभर ओली झाली आणि तासाभरात पुन्हा ठणठणीत. बेगिमाय म्हणाली की आता हे एप्रिलशिवाय सुटणार नाही. तिने ते इतक्या शांतपणे सांगितलं की मला राग आला. जशी वाटच बघत होती.

झूराकडे नळ चालू आहे. तीच लाइन, तेवढाच चर, तोच खणणारा. कुणाचं नशीब कुठे उघडेल सांगता येत नाही.

१८ जानेवारी. उणे ३०.

बेगिमाय झऱ्यावर जाते, सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी दोन. गाय आहे, मेंढ्या आहेत, पाणी लागतंच. काल विचारत होती, "झूरा आपांचं घर वीस पावलांवर आहे. त्या देतो म्हणाल्यात. तिथून आणू?"

मी नाही म्हटलं. साऱ्या गल्लीने बघायचं का, की ऊल्कानच्या घरचा नळ गोठला आणि त्या गबाळ्या झूराचा चालू आहे? जोपर्यंत सून झऱ्यावर जाते तोपर्यंत लोक म्हणतील, या घराला जुनं पाणी आवडतं.

खोकला आहे. चढावर थांबत थांबत येते. पायाखाली बघून चाल, असं मी रोज सांगते.

२२ जानेवारी. उणे २९.

संध्याकाळी झूरा स्वतः दोन भरलेल्या बादल्या घेऊन फाटकात आली. इतक्या मोठ्याने बोलली की समोरच्या घरातले पडदे हलले. "ऊल्कान आपा, पोरीचा पाचवा महिना चाललाय. घ्या हे पाणी, आणि उद्यापासून माझा नातू आणून टाकील. तुम्हाला माझं तोंड बघायचं नसेल तर नका बघू."

बादल्या घेतल्या. तिच्या देखत तिथेच फाटकात ओतल्या आणि रिकाम्या तिच्या हातात दिल्या. झूरा त्या घेऊन गेली.

आत येऊन शेगडीपाशी बसले. बेगिमायने मला चहा ओतून दिला. दोन्ही हातांनी पेला पुढे केला, कमरेत वाकून, रीतीप्रमाणे. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मी बघितलं नाही.

२३ जानेवारी. उणे ३२. अंगण स्वच्छ.

बेगिमाय पडली. झऱ्याच्या चढावर पडली असती तर समजू शकले असते, तिथे घसरडं आहे. ही पडली घरी पोचल्यावर, कावड खांद्यावर घेऊन आत येताना, आमच्याच फाटकात. अंगण झाडून लख्ख केलेलं, आणि नेमका फाटकातच हातभर गुळगुळीत बर्फ. तिथे तो कुठून आला कोण जाणे.

निळ्या बादलीचा मुलामा उडाला. माझ्या लग्नातली बादली होती.

झूराचा नवरा गाडी घेऊन धावत आला आणि तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. मला त्या माणसाचे आभार मानावे लागले. मागच्या सीटवर झूरा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. माझ्यासाठी जागा नव्हती. कुणी केलीही नाही.

२६ जानेवारी. उणे २८.

पोर राहिलं नाही. मुलगा होता.

रोजचे आकडे मी या वहीच्या मागच्या पानांवर लिहिते. दोन दिवस तापमापक बघितला, पण उतरवले नाहीत. जन्मात पहिल्यांदा रकाने रिकामे राहिले.

रडले. गोठ्यात जाऊन रडले, गाईखेरीज कुणाला दिसू नये म्हणून. माझंही पहिलं असंच गेलं होतं, झऱ्यावरून येताना. सासूने बादली उचलून बघितली आणि म्हणाली, फुटली नाही, नशीब. चाळीस वर्षं झाली, ते वाक्य मी विसरले नाही. मी बेगिमायला तसलं काही बोललेले नाही. एक शब्द नाही.

फाटकातला तो बर्फ मी पहारीने फोडून काढला. त्यात झूराच्या घरच्या चहाची पानं गोठलेली होती. तिच्या बादल्या कधी धुतलेल्या नसतात.

९ फेब्रुवारी. उणे २०. रात्री ७ सेंटीमीटर, मी झाडला.

आज व्याही आले, जोमार्त. बरोबर एसेन आणि बेगिमाय. ती दवाखान्यातून परस्पर माहेरी गेली होती, आज तिचं सामान न्यायला आली.

मी मेजावर सगळं मांडलं होतं. नान, लोणी, तळलेले बोर्सोक, दूध घातलेला चहा. जोमार्त आत आलेच नाहीत. अंगणाच्या मधोमध उभे राहून खाली बघत राहिले. मग पहार मागितली. चराच्या रेघेवर त्यांनी ती दोन्ही हातांनी मारली, तर ठणकन उडाली, मातीचा खडासुद्धा निघाला नाही. मग कुणाला न विचारता झूराच्या अंगणात गेले. तिथे गुडघाभर बर्फात हात घालून खड्डा केला आणि त्यात पहार मारली. ती वीतभर आत गेली आणि तशीच उभी राहिली.

परत आले, पहार भिंतीला टेकवली.

"विहीणबाई," ते म्हणाले, "तुमचं अंगण फार स्वच्छ आहे."

मी म्हटलं, चहा निवतोय. निदान नानचा तुकडा तोंडात टाका. आमच्याकडे दारात आलेला वैरीसुद्धा नान चाखल्याशिवाय जात नाही. ते म्हणाले, "बेगिमायच्या आईचा गालिचा कुठाय?"

मी पडवीकडे हात केला. पडवीत गुडघे टेकून त्यांनी पाइपावरच्या पट्ट्या सोडायला घेतल्या. गाठी गोठल्या होत्या, दातांनी ओढल्या. एसेन पुढे झाला आणि तोही सोडायला लागला. माझा मुलगा, माझ्याकडे पाठ करून. एकेक पट्टी सुटली की बेगिमाय ती मांडीवर सपाट करायची, वेल वर येईल अशी, आणि दुसरीशी जुळवून बघायची. बराच वेळ चाललं ते. मी एकदा म्हटलं, शिवून देते मी, माझ्याकडे चांगला दोरा आहे.

बेगिमायने वर बघितलं. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्याकडे सरळ कधी बघत नव्हती, सुनेची रीत. आज बघितलं. "असू दे, आपा," ती म्हणाली.

जाताना तिने वाकून सलाम केला नाही. एसेनने ट्रकमध्ये त्याचेही कपडे टाकले. घरजावई होणार का म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, "हो."

मेजावरचं सगळं तसंच होतं. बोर्सोक मेंढ्यांना घातले.

१७ फेब्रुवारी. उणे १८.

एसेन फोन उचलत नाही. झऱ्यावर मीच जाते, अर्धी अर्धी बादली. मुलामा उडाला तिथे गंज धरायला लागलाय.

झूराचा नातू फाटकापाशी भरलेली बादली ठेवून जातो. मी आत घेत नाही. ओततही नाही. संध्याकाळपर्यंत ती तळापर्यंत गोठते आणि सकाळी तो मुकाट्याने घेऊन जातो.

४ मार्च. उणे ९. बर्फ ११ सेंटीमीटर.

ही वही संपत आली म्हणून पहाटे पेटीतून दुसरी काढली. ती कोरी नव्हती. केंद्रातली जुनी प्रत निघाली, एका जानेवारीची. केंद्राच्या कुंपणात जमिनीचे दोन तुकडे होते. एक आम्ही रोज झाडून उघडा ठेवायचो, दुसऱ्याच्या बर्फाला हात लावायचा नाही असा नियम होता. दोन्हींत वीतभर खोल तापमापक पुरलेले. दोन रकाने, माझ्या हाताने आखलेले.

पाच जानेवारी. उघडी जमीन उणे १७, बर्फाखाली उणे २.

सहा जानेवारी. उघडी जमीन उणे १९, बर्फाखाली उणे २.

सात. आठ. नऊ. पूर्ण महिना. अक्षर माझं, सही माझी, एकही खाडाखोड नाही. फेब्रुवारी उलटला, तसाच. एकतीस हिवाळे हे दोन रकाने मी शेजारी शेजारी भरत होते.

चहा दोनदा गार झाला.

उजाडलं तेव्हा खराटा घेऊन दारात उभी राहिले. अंगणभर अकरा सेंटीमीटर, मऊ, त्यावर एक पाऊल नाही. झूरा तिच्या फाटकात उभी होती आणि माझ्याकडेच बघत होती. आता झाडायला सांगणारं मला कुणी नाही आणि नको म्हणणारंही नाही. पण आज एक दिवस ते तसंच ठेवलं असतं, तर झूराला कळलं असतं. दुपारपर्यंत गल्लीला कळलं असतं. पोरगी बरोबर बोलत होती, पहिल्याच दिवसापासून, आणि म्हातारीला ते आता कळलं, असं म्हणाले असते. मग ते फाटकही आलं असतं त्यात, त्या दोन बादल्याही आल्या असत्या, सगळंच आलं असतं.

झाडलं. दोनदा पायरीवर बसावं लागलं, पण खालची माती दिसेपर्यंत झाडलं, कोपऱ्यांसकट. झूरा आत गेली.

अंगणात बर्फ शून्य.